मोहालीची चिप, किट्टूरचं एक्स्चेंज, पुण्याचा परम: आपल्या संस्था नेमक्या कुठे अडल्या?

सांजवारा

ढोलेऱ्याला टाटा आणि तैवानची पीएसएमसी मिळून चिपचा कारखाना उभारत आहेत. केंद्राने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याला मंजुरी दिली, गुंतवणूक ९१,००० कोटींची. तेव्हापासून घरी, ऑफिसात, इथेही एकच चर्चा ऐकतोय: आपल्याला हे जमेल का? मला त्याआधीचा प्रश्न छळतो. एकदा आपण हे करून बघितलं होतं, ते का टिकलं नाही?

मोहालीला सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड ही सरकारी कंपनी होती. १९८४ साली तिथे ५ मायक्रॉनचं उत्पादन सुरू झालं (मायक्रॉन म्हणजे चिपवरच्या रेघांचं माप, जितकं लहान तितकं तंत्र पुढचं). तंत्रज्ञान अमेरिकन मायक्रोसिस्टिम्सकडून घेतलेलं. पुढे आपल्या इंजिनिअरांनी ०.८ मायक्रॉनपर्यंत मजल मारली, ही साधी गोष्ट नव्हे. फेब्रुवारी १९८९ मध्ये कारखान्याला आग लागली आणि सगळं बसलं. आज कुणालाही विचारा, "आग लागली नसती तर आपणही तैवान झालो असतो" असंच उत्तर मिळतं.

मला हे पटत नाही. तैवानने १९७३ साली आयटीआरआय ही औद्योगिक संशोधन संस्था काढली. १९७६ मध्ये अमेरिकेच्या आरसीएशी करार केला, इंजिनिअर तिकडे शिकायला पाठवले, १९७७ मध्ये प्रायोगिक कारखाना चालू केला. इथपर्यंत आपल्यात आणि त्यांच्यात काही वर्षांचंच अंतर होतं. फरक पडला तो पुढच्या पावलात. १९८० साली त्याच संस्थेतून यूएमसी नावाची कंपनी बाहेर पडली, माणसं आणि तंत्र दोन्ही घेऊन. १९८७ मध्ये दुसरी बाहेर पडली, टीएसएमसी. मोहालीतून कुणीच बाहेर पडलं नाही. आरेखन तिथेच, उत्पादन तिथेच, विक्रीही तिथूनच. आग एका इमारतीला लागली आणि देशाचा उद्योग थांबला, कारण उद्योग म्हणजे ती एकच इमारत होती.

आता उलटं उदाहरण घेऊ. ऑगस्ट १९८४ मध्ये सी-डॉट ही दूरसंचार संशोधनाची सरकारी संस्था स्थापन झाली. ३६ महिने आणि ३६ कोटी रुपये, एवढ्यात भारतीय डिजिटल टेलिफोन एक्स्चेंज बनवायचं. सॅम पित्रोदांचं नाव सगळ्यांना माहीत आहे, पण त्यामागे टीआयएफआर (मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था) आणि टेलिकॉम रिसर्च सेंटरमधली, आधीपासून डिजिटल स्विचिंगवर काम करणारी मंडळी होती हे फारसं बोललं जात नाही. १९८६ मध्ये कर्नाटकातल्या किट्टूरला १२८ पोर्टचं पहिलं ग्रामीण एक्स्चेंज, म्हणजे रॅक्स, सुरू झालं. एसी नसलेल्या खोलीत, धुळीत, उन्हाळ्यात चालेल असं. मोठं शहरी एक्स्चेंज वेळेत झालं नाही, त्यावरून पुढे राजकारणही पेटलं. पण रॅक्सचं तंत्रज्ञान सी-डॉटने स्वतःजवळ धरून ठेवलं नाही. सरकारी, खासगी, बऱ्याच उत्पादकांना परवाने दिले. आणि माल घ्यायला दूरसंचार खातं उभं होतंच.

माझं म्हणणं एवढंच, की आपल्याकडे संस्था हुशार माणसं घडवण्यात कधीच कमी पडल्या नाहीत. टीआयएफआरने १९६० साली स्वतःचा संगणक, टिफ्रॅक, पूर्ण करून दाखवला होता. अडतं ते दोन जागी. संस्थेतलं ज्ञान घेऊन बाहेर पडायची वाट नसते आणि बाहेर पडलेल्या वस्तूला पहिलं गिऱ्हाईक नसतं. जिथे या दोन्ही गोष्टी होत्या तिथे उद्योग उभा राहिला. तुमचे अनुभव आणि आक्षेप, दोन्ही लिहा.

तारायंत्र

लेख वाचून बरं वाटलं. दूरसंचार खात्यात नोकरी केली, मराठवाड्यात बरीच वर्षं. रॅक्स येण्याआधी तालुक्याच्या गावात हाताने जोडायचा बोर्ड असायचा. ट्रंक कॉल बुक करायचा आणि पोस्टाच्या बाकावर बसून राहायचं. मयताची बातमीसुद्धा माणूस मोटारसायकलवर आधी पोचवायचा, फोन नंतर लागायचा.

रॅक्स आलं ते एका छोट्या खोलीत बसलं. बिघाड झाला तर खराब कार्ड काढायचं, चांगलं घालायचं आणि खराब कार्ड दुरुस्तीला पाठवायचं. त्यासाठी मोठा साहेब यायची गरज नव्हती, आमच्यासारखा टेक्निशियन करू शकायचा. मे महिन्यात खोलीत आपण थांबू शकत नव्हतो, पण ते चालायचं. ज्यांनी ते बनवलं त्यांना आपल्याकडचं गाव ठाऊक होतं, हे मी हात लावून सांगतो. परदेशी मोठी एक्स्चेंजेस मीही पाहिली, ती उत्तम होती, पण त्यांना वातानुकूलन लागायचं. आमच्याकडे दिवसातून कितीदा वीज जायची ते विचारू नका.

सांजवारा, तुम्ही गिऱ्हाइकाचं लिहिलंत ते बरोबर आहे, पण अर्धं आहे. खातं नुसतं गिऱ्हाईक नव्हतं. आमच्या तक्रारी वर जायच्या आणि पुढच्या खेपेच्या कार्डात बदल दिसायचा. हे मी पाहिलं आहे. विकत घेणारा आणि वापरणारा एकच असला की वस्तू सुधारते.

रोखठोक

सांजवारा, मांडणी आवडली, निष्कर्ष मात्र पटला नाही. तुम्ही सरकारी संस्थांच्या यशाची उदाहरणं निवडून घेतली आहेत.

सत्तरचं दशक बघा. इलेक्ट्रॉनिक्स खातं १९७० चं, इलेक्ट्रॉनिक्स कमिशन १९७१ चं. काय बनवायचं, किती बनवायचं, कुणी बनवायचं ते सगळं दिल्लीत ठरणार. संगणक म्हणजे हैदराबादच्या ईसीआयएल या सरकारी कंपनीचा. संगणक आयात करायचा तर अर्ज करून वाट बघत बसा. परकीय चलनाच्या फेरा कायद्यात कंपनीतला परदेशी हिस्सा ४० टक्क्यांवर आणायची अट आली, आयबीएमने ती मानली नाही आणि १९७८ मध्ये देश सोडला. याच काळात कोरिया, तैवान निर्यातीच्या बाजारात घासून घासून तयार होत होते. आपल्याकडे संरक्षित बाजारात महाग आणि जुना माल विकला जात होता. गिऱ्हाईक होतं की! सरकारी कार्यालयांना ईसीआयएलची यंत्रं घ्यावीच लागायची. मग तिथे उद्योग का नाही उभा राहिला?

आपला खरा संगणक-उद्योग सॉफ्टवेअरचा, आणि तो वाढला १९८४ चं संगणक धोरण आणि १९९१ नंतर, सरकारने हात काढून घेतल्यावर.

सांजवारा

रोखठोक, ईसीआयएलचा मुद्दा वजनदार आहे आणि मी तो टाळणार नाही. फरक मला असा दिसतो, की ईसीआयएलला गिऱ्हाईक बांधून दिलेलं होतं, पण स्पर्धक नव्हता. सी-डॉटचं आरेखन एकच असलं तरी ते बनवणारे अनेक होते आणि खात्याच्या ऑर्डरसाठी आपसात भांडत होते. बांधलेल्या गिऱ्हाइकासमोर एकटाच विक्रेता असेल तर वस्तू सुधारत नाही, हे मान्य. तारायंत्रांनी लिहिलेली सुधारणा अशाच ठिकाणी होते जिथे उत्पादकाला पुढची ऑर्डर हातून जायची भीती असते.

"सरकारने हात काढून घेतला" हे मात्र तपासून बघा. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स १९८५ मध्ये बंगळुरूला आली ती उपग्रहाच्या दुव्याच्या जोरावर. तेव्हा साधा फोन मिळायला वर्षानुवर्षं लागायची. टेक्सास एवढी मोठी होती म्हणून तिला स्वतःची डिश परवडली. पुण्यातल्या वीस-पंचवीस माणसांच्या कंपनीने काय करावं? त्यासाठी सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी पार्क निघाली, म्हणजे एसटीपीआय. पहिली तीन केंद्रं १९९० मध्ये बंगळुरू, पुणे आणि भुवनेश्वरला. इलेक्ट्रॉनिक्स खात्याचे सचिव एन. विठ्ठल यांनी ती रेटून नेली. प्रत्येक केंद्राने उपग्रहाशी जोडणारं स्वतःचं भूकेंद्र उभारायचं, लहान कंपन्यांना त्यावरची जोडणी भाड्याने द्यायची, यंत्रं आयात करताना लागणाऱ्या कस्टमच्या परवानग्या एकाच खिडकीवर. ही सरकारी संस्थाच होती. तिने कंपन्यांना काय बनवायचं ते सांगितलं नाही, त्यांच्या वाटेतला सर्वांत मोठा धोंडा तेवढा उचलला. हिंजवडीत उभं राहून आज जे दिसतं त्याचा बराचसा पाया तिथे घातला गेला.

आणि आयबीएम गेल्यावर काय झालं तेही बघायला हवं. त्यांच्या यंत्रांची देखभाल सीएमसी या सरकारी कंपनीकडे आली. निरनिराळ्या बनावटीची यंत्रं एकाच माणसाला सांभाळावी लागली. एचसीएलसारख्या नव्या कंपन्या पुढे युनिक्सकडे, म्हणजे निरनिराळ्या बनावटीच्या यंत्रांवर चालणाऱ्या प्रणालीकडे वळल्या. एका कंपनीच्या चौकटीत न अडकलेले इंजिनिअर त्यातून तयार झाले आणि निर्यातीच्या काळात तेच कामाला आले. हे कुणी ठरवून केलेलं नव्हतं. किंमतही आपण भरपूर मोजली. पण हिशेबात दोन्ही बाजू धरायला हव्यात.

पाषाण रोड

शीर्षकात परम आहे आणि लेखात त्याच्यावर ओळही नाही! म्हणून मी लिहिते.

अमेरिकेने क्रे महासंगणक द्यायला खळखळ केली, त्यानंतर १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही प्रगत संगणनाची सरकारी संस्था निघाली. तीन वर्षं आणि ३० कोटी रुपये मिळाले होते, प्रमुख डॉ. विजय भटकर. १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक तयार झाला. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर नावाचे प्रोसेसर घेऊन ते समांतर जोडायचे, अशी त्याची रचना. चिप आपली नव्हती, जोडणी आणि त्यावरची प्रणाली आपली. काही यंत्रं रशिया, जर्मनीसारख्या देशांत गेलीसुद्धा. पण महासंगणकाचं गिऱ्हाईक असून असून किती असणार? हवामान खातं, दोन-चार प्रयोगशाळा, विद्यापीठं. त्यातही बेंगळुरूच्या एनएएलचा फ्लोसॉल्व्हर, बीएआरसीचा अनुपम, डीआरडीओचा पेस, प्रत्येकाने आपापलं यंत्र बांधलं. विज्ञान म्हणून हे उत्तम झालं, पण या सगळ्यांनी मिळून एकाच कंपनीकडून खरेदी केली असती तर ती कंपनी आज कुठे असती याचा विचार मी नेहमी करते.

मी सी-डॅकचा कोर्स केला आहे. गावाकडच्या कॉलेजातून आलेल्या मुलीला पुण्यात खोली घेऊन सहा महिने सकाळी लेक्चर आणि रात्री उशिरापर्यंत लॅब करताना काय वाटतं, ते करणाऱ्यालाच कळतं. माझ्या बॅचमधली माणसं आज चार खंडांत पसरली आहेत. सी-डॅकने महासंगणकाचा उद्योग उभा केला नाही, पण माझ्यासारख्या हजारोंना उभं केलं. सांजवारा, तुमच्या मांडणीत "माणसं घडवली" हे वाक्य एका ओळीत उरकलं आहे. मला ते एवढं लहान वाटत नाही.

दुसरी गोष्ट आपल्या लिपीची. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं भारतीय लिपींचं काम पुढे सी-डॅकमध्ये जिस्ट म्हणून वाढलं. इस्की हा संकेत, म्हणजे संगणकात कुठल्या अक्षराला कुठला क्रमांक ते ठरवणारी यादी, १९९१ मध्ये भारतीय मानक झाला. युनिकोडमधली देवनागरीची मांडणी इस्कीच्या आधीच्या रूपावरूनच घेतलेली आहे. "दऱ्या" लिहिताना रफाराऐवजी जो आडवा र येतो, तो आज फोनवर उमटतो त्यामागे हे सगळं काम आहे. आणि तरी मधली पंधरा-वीस वर्षं मराठी छपाईत प्रत्येक फॉन्टचा संकेत निराळा चालला. एकातला मजकूर दुसऱ्यात उघडला की नुसते चौकोन. मानक होतं, पण सरकारी खात्यांनी स्वतःच्या निविदांमध्ये ते सक्तीचं केलं नाही. मी एका जुन्या मासिकाचे अंक डिजिटल करायच्या कामात आहे. त्या काळातल्या फायली परत टंकित कराव्या लागताहेत. गिऱ्हाईक हवं हे खरंच, पण त्या गिऱ्हाइकाने अट घालायलाही हवी.

पूर्वरंग

मी तैवानमधल्या शिंचूत राहतो, चिप आरेखनाच्या कामात आहे. इथली परिस्थिती थोडी सांगतो, कारण आपल्याकडे तैवानबद्दल बोलताना टीएसएमसीपासून सुरुवात होते आणि तिथेच संपते.

शिंचू सायन्स पार्क डिसेंबर १९८० मध्ये उघडलं. जागा निवडताना आयटीआरआय आणि छिंग ह्वा, चियाओ तुंग ही दोन विद्यापीठं जवळ असावीत हे बघितलं होतं. सकाळी विद्यापीठात शिकवणारा माणूस दुपारी पार्कातल्या कंपनीत दिसतो. आरसीएकडून आणलेलं तंत्रज्ञान त्या काळातही अव्वल नव्हतं, ७ मायक्रॉनचं होतं. त्यावर त्यांनी आधी घड्याळाच्या चिप बनवल्या. घड्याळं, खेळणी, कॅल्क्युलेटर बनवणारे निर्यातदार इथे आधीपासून होते, म्हणजे सांजवारा म्हणतात ते पहिलं गिऱ्हाईक गल्लीतच होतं.

टीएसएमसीच्या वेळी मॉरिस चँग आयटीआरआयचे प्रमुख होते आणि कंपनीचेही. भांडवलात निम्म्याच्या जवळ वाटा सरकारचा, चौथ्या हिश्श्याहून थोडा जास्त फिलिप्सचा. स्थानिक श्रीमंतांना पैसे घालायला सरकारने अक्षरशः गळ घातली. आणि कंपनीने स्वतःची चिप विकायचीच नाही असं ठरवलं, फक्त दुसऱ्याने आरेखलेली बनवून द्यायची. त्यामुळे आरेखन करणाऱ्या लहान कंपन्यांना कारखान्याची भीती राहिली नाही. मीडियाटेक १९९७ मध्ये यूएमसीतून निघाली. संस्थेतून कंपनी निघाली आणि कंपनीतून पुन्हा कंपनी.

एक गोष्ट मात्र विसरू नका. १९८७ पर्यंत इथे मार्शल लॉ होता. पंतप्रधान सुन युन-सुआन यांच्यासारखे मोजके इंजिनिअर-मंत्री निर्णय घ्यायचे आणि कुणी विचारू शकत नव्हतं. ते आपण उचलू नये, उचलू शकतही नाही. आपल्याकडे संसद, लेखापरीक्षक, न्यायालयं आहेत आणि ती असायलाच हवीत. त्यांच्यासकट चालेल अशी वाट आपल्याला शोधायची आहे.

बोरीबंदर

तशी वाट आपण शोधलेलीही आहे, म्हणून दोन उदाहरणं जोडतो.

पहिलं मतदान यंत्र. ईसीआयएल आणि बीईएल या सरकारी कंपन्यांनी बनवलं, बाह्य रचनेत आयआयटी मुंबईच्या इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरचा हात. १९८२ मध्ये केरळात परूरला वापरलं, १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायद्यात तरतूद नाही म्हणून ते मतदान अवैध ठरवलं. मग कायदा बदलला, १९९८ मध्ये १६ विधानसभा मतदारसंघांत पुन्हा वापर झाला आणि २००४ ची लोकसभा पूर्ण यंत्रांवर झाली. न्यायालयाने अडवल्यामुळे वेळ गेला, पण त्यानंतरचा पाया पक्का झाला. इथे गिऱ्हाईक एकच, निवडणूक आयोग. त्याची अट स्पष्ट होती: वीज नसलेल्या गावात, प्रथमच यंत्र बघणाऱ्या माणसाच्या हाताखाली चाललं पाहिजे.

दुसरं यूपीआय. रिझर्व्ह बँक आणि बँकांच्या संघटनेच्या पुढाकाराने २००८ मध्ये देशातले डिजिटल व्यवहार चालवणारं एनपीसीआय निघालं. नफ्यासाठी नसलेली कंपनी, भागधारक बँका. २०१० मध्ये पैसे तत्काळ पाठवायची आयएमपीएस सेवा, २०१६ मध्ये त्याच्यावर यूपीआय. रस्ता सामायिक ठेवला आणि त्यावर अॅप कुणीही आणावं. रोखठोक यांना हवी असलेली स्पर्धा वरच्या मजल्यावर आहे, सांजवारांना हवी असलेली संस्था खालच्या.

रोखठोक

बोरीबंदर, मतदान यंत्राचं उदाहरण मला ठाऊक असूनही या दृष्टीने कधी बघितलं नव्हतं. पण यूपीआयला वेफर, म्हणजे चिप घडवायची सिलिकॉनची चकती, लागत नाही, धूळमुक्त खोली लागत नाही. चुकलं तर रात्रीत दुरुस्त करून सकाळी नवी आवृत्ती देता येते. चिपचं तसं नाही.

तेव्हा सरळ विचारतो. ढोलेऱ्याचा कारखाना २८ नॅनोमीटर (मायक्रॉनचा हजारावा भाग म्हणजे नॅनोमीटर) आणि त्याहून जुन्या नोडचा, म्हणजे तंत्राच्या पिढीचा, महिन्याला ५०,००० वेफर क्षमतेचा. चीनमध्ये याच जुन्या नोडची प्रचंड क्षमता उभी राहते आहे. पहिलं गिऱ्हाईक कोण?

सांजवारा

माझं उत्तर: विजेचं मीटर. देशात २५ कोटी स्मार्ट मीटर बसवायचं लक्ष्य आहे. मीटरमधल्या चिपला अत्याधुनिक नोड लागत नाही. पैसा वीज वितरण कंपन्यांमार्फत येतो, म्हणजे अट घालायची ताकद सरकारकडे आहे. भारतात आरेखलेल्या चिपसाठी निविदेत काही हिस्सा राखून ठेवा, पण निदान तीन-चार आरेखकांमध्ये तो वाटा आणि कुणा एकट्याला सगळा देऊ नका. सिम कार्ड, फास्टॅग, आधारचे बोटांचे ठसे घेणारी यंत्रं, यादी वाढवता येईल. बीएसएनएलच्या ४जीमध्ये असं घडलं आहे: गाभा सी-डॉटचा, रेडिओ तेजस कंपनीचा, जोडणी टीसीएसची, सुमारे एक लाख टॉवरांची ऑर्डर. उशीर खूप झाला, लोकांनी बोल लावले, तरी शेवटी वस्तू उभी आहे.

मोहालीचंही पुढचं सांगायला हवं. २००६ मध्ये ती अंतराळ विभागाकडे गेली, २०२२ पासून इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाकडे आहे, १८० नॅनोमीटरवर चालते आणि इस्रोच्या रॉकेटसाठीचा विक्रम प्रोसेसर तिथेच बनतो. आकाराने लहान, पण तिला खात्रीचं आणि काटेकोर गिऱ्हाईक मिळालं.

वेफर_विद्यार्थी

मी पुण्यात एम.टेक. करतो. सरकारच्या चिप्स टू स्टार्टअप योजनेत आमच्या कॉलेजला सी-डॅकच्या चिपइन केंद्रातून आरेखनाची सॉफ्टवेअर मिळाली, एरवी त्यांचा परवाना कॉलेजला परवडलाच नसता. आमच्या गटाचं एक छोटं आरेखन मोहालीला जाणार आहे. योगायोगाने ते ऊर्जामापनाचंच आहे.

माझा प्रश्न बाहेर पडायच्या वाटेचा. चिप चालली तर आम्ही तिघं कंपनी काढावी असं मनात आहे. पण आरेखन कुणाचं, हे कुणी सांगत नाही. सर म्हणतात आधी पेपर लिहा, कारण त्यांच्या बढतीत पेपर मोजले जातात. एका वरिष्ठांनी सांगितलं, कॉलेज आरेखनावर हक्क सांगेल आणि परवान्याची किंमत आधीच मागेल. आमच्याकडे पैसे नाहीत.

पूर्वरंग

पेपर लिहा, पण मीटरच्या दाखल्यासाठीचं भारतीय मानक आजच मिळवून वाचा. अचूकतेचा वर्ग, तापमानाची कक्षा, चुंबकाने छेडछाड केली तर काय व्हायला हवं, हे आरेखन मोहालीला पाठवायच्या आधी तपासा. चिप चालणं वेगळं आणि मीटरवाल्याने ती विकत घेणं वेगळं. लेआउटबद्दल काही अडलं तर व्यक्तिगत निरोप करा, शनिवारी वेळ काढतो.

सांजवारा

कॉलेजचं बौद्धिक संपदा धोरण लेखी मागून घ्या. नसेल तर तसं लेखी कळवायला सांगा. आगाऊ रकमेऐवजी विक्रीवर टक्केवारी किंवा कंपनीत छोटा हिस्सा द्यायची तयारी दाखवा आणि ही बोलणी आरेखन मोहालीला जायच्या आत उरका, चिप चालल्यावर किंमत वाढते. आणि तिघांपैकी कोण किती काम करतंय ते आजपासून वहीत तारखेनिशी लिहून ठेवा.

तारायंत्र

बाळा, मीटर जिथे बसतात तिथल्या लाइनमनशी एकदा बोलून ये. जालन्याकडे आलास तर मी ओळख करून देतो.